मागच्या बाकावरून ऐकलेला तास

सौंसर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अपर्णा,

इंदूरला तुम्ही सगळे मजेत असाल आणि भाऊजींचं सकाळचं फिरणं पुन्हा सुरू झालं असेल, असं धरून चालते. इकडे थंडी सरत आली. मोहगावच्या बागांमधली मृग बहाराची संत्री बाजारात येऊन राहिली. यंदा फळ लहान आहे, पण गोड आहे. तुझा वैभव बरा आहे. खोलीवर स्वतः स्वयंपाक करतो, रविवारी माझ्याकडे जेवतो.

मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, कॉलेजात त्याचं कसं काय चाललंय? कुकरची शिटी झाली म्हणून मी फोन ठेवला. शिटी झाली नव्हती. सांगायचं बरंच होतं आणि फोनवर तू मला मध्येच तोडलं असतंस. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

आधी माझ्या नव्या कामाबद्दल. गेल्या वर्षीपासून नव्या प्राध्यापकांच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आणि शिकवणं सुधारायला त्यांना मदत करायची, हे काम माझ्याकडे आलं. पीएच.डी.त आपल्याला सगळं शिकवतात, फक्त भरल्या वर्गासमोर उभं कसं राहायचं ते कोणी शिकवत नाही. मी प्राचार्यांना एकच अट घातली होती. वर्गात जे पाहीन ते माझ्यात आणि त्या शिक्षकात राहील, फायलीत जाणार नाही. ते हो म्हणाले.

दिवाळीनंतर भौतिकशास्त्राच्या एका अतिथी विद्वानाबद्दल, म्हणजे तात्पुरत्या प्राध्यापकाबद्दल, तक्रार आली. पहिल्या वर्षाची मुलं म्हणाली, सर फळ्याला शिकवतात. मी जाऊन बसले. खरंच तसं होतं. आत आल्याबरोबर त्याने वर्गाकडे पाठ केली आणि घंटा होईपर्यंत लिहीत राहिला. अक्षर सुरेख, गणित बिनचूक. मुलांशी मात्र एक वाक्य नाही. मागची पोरं मोबाइल पाहत होती. तास संपला तसा तो खाली मान घालून निघून गेला.

अपर्णा, तो आपला वैभव.

त्याचं बोलताना अडखळणं गेलं, असं आपण सगळे समजून बसलो होतो. ते गेलं नव्हतं. जिथे अडखळेल तिथे बोलायचंच नाही, हे तो शिकला होता. घरी ते चालून गेलं. वर्गात कसं चालेल? त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून त्याने मला सांगितलं, की महिनाअखेर नोकरी सोडतो. आईला इतक्यात सांगू नको म्हणाला. "तिला आधीपासून वाटतं, मी ऑफिसात बसावं."

दुसरीकडे प्राचार्यांनी माझ्याकडे त्याच्याबद्दल लेखी अहवाल मागितला. मी म्हटलं, सर, असा अहवाल मी एकदा दिला तर यापुढे कोणी मला वर्गात येऊ देणार नाही, त्यापेक्षा हे काम तुम्ही दुसऱ्याला द्या. ते नाराज झाले. ठीक आहे, सत्र संपेपर्यंत पाहू, म्हणाले. अतिथी विद्वानाला सत्रानंतर काढणं किती सोपं असतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

मी काही डॉक्टर नाही. वैभवला एवढंच म्हटलं, की बोलणं कमी कर, विचारणं वाढव. एक प्रश्न विचार आणि वाट पाहा. वर्ग गप्प राहिला तर राहू दे, पोरं विचार करून राहिली असतात. आम्ही बसून कितीतरी प्रश्न तयार केले, निम्मे टाकून दिले. पण प्रश्न विचारायलाही तोंड उघडावं लागतं, तिथेच गाडी अडत होती.

मग एका सकाळी तो वर्गात आला आणि फळ्याकडे न वळता मुलांसमोर उभा राहिला. हे मी सुचवलं नव्हतं. हे त्याचं.

"माझं बोलणं अडकतं," तो म्हणाला. हे सांगतानाही अडकलाच. "अडकलं की मी थांबीन. तुम्हीही थांबा."

वर्गात कोणी हललं नाही. कोणी हसलं तर हा पोरगा पुन्हा उभा राहणार नाही, एवढंच मनात होतं. तेवढ्यात बोरगावहून बसने येणारी पूनम उठली. ती तोवर कधी वर्गात बोलली नव्हती.

"सर, तुमी घाई नोका करू," ती म्हणाली. "आमालेबी समजाले टाइम लागते."

मग त्याने प्रश्न विचारला. विहिरीतून बादली ओढताना दोरीवर ताण सगळ्यात जास्त कधी येतो? आणि तो थांबला. वर्ग गप्प. तो थांबलेलाच. शेवटी मागून एक मुलगा म्हणाला, ओढाले सुरुवात करतो तवा. दुसरा म्हणाला, नाही, भरली बादली वर येईपर्यंत सारखाच. दोघांची जुंपली, अर्धा वर्ग त्यात उतरला आणि वैभवने खडू त्यांच्या हातात दिला. घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. नोकरीत माझे केस पिकले, पण असा तास मी क्वचितच पाहिला.

आता मोबाइल दप्तरात असतात. कॉमर्सच्या उर्वशी मॅडमनी तर आपल्या तासाला बसायला त्यालाच बोलावलं. मीही बोलावलं. नंतर मला म्हणतो, "मावशी, तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देऊन टाकतेस." बरोबर होतं त्याचं. प्राचार्य परवा दाराशी उभे राहून त्याचा तास ऐकत होते. अहवालाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पुढच्या सत्रात काय होईल ते मला माहीत नाही, पण सोडायची गोष्ट वैभव आता करत नाही.

हे सगळं तुला लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. मग म्हणाला, लिही, आणि आईला माझ्या तासाला बोलव.

तर ये. माझ्या शेजारी मागच्या बाकावर बस. तो अडकेल, नक्की अडकेल. लहानपणापासून त्याचं वाक्य तू पुरं करत आलीस, मायेनेच करत आलीस, मी पाहिलंय. त्या दिवशी मात्र करू नकोस. वर्ग थांबतो तशी तूही थांब. तो वाक्य पुरं करतो.

तुझी मैत्रीण, आणि आता अभिमानाने तुझ्या मुलाची सहकारी,
विजयमाला