एक इंचाचा जोड

बाबा,

"क्लच जड वाटत असेल तर गाडी दुसऱ्याला द्यावी," असं तुम्ही म्हणाला होतात. मी एकोणीस वर्षांची होते, वडाळ्याला मिठागरांकडच्या रिकाम्या रस्त्यावर तुम्ही मला मोटरसायकल शिकवत होतात, आणि तिसऱ्या फेरीलाच माझा डावा हात दुखायला लागला होता. तुम्ही रागावून बोलला नव्हतात. गिरणीत नवा माणूस साच्यावर, म्हणजे मागावर, आला की त्यालाही असंच ऐकवायचात, असं आई सांगायची. मी हात झटकला आणि परत किक मारली. त्यानंतर तुमच्यासमोर तो हात कधी दुखला नाही.

आता त्या हाताच्या तीन बोटांना फारसं काही कळत नाही. मनगटातली नस दबली आहे असं डॉक्टर म्हणाले, मी बरं म्हटलं आणि वाटेत केळी घेऊन घरी आले. रडू वगैरे आलं नाही. लालबागच्या सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटतो. एकदा लिव्हर सुटला आणि गाडी पुढच्या टॅक्सीला जाऊन टेकली. टॅक्सीवाला उतरला, माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, स्कूटी ले लो ना." मग दोनच गोष्टी उरल्या. तुमची गाडी विकायची, नाहीतर तिची केबल काढून हायड्रॉलिक क्लच बसवायचा. त्यात तारेच्या जागी तेलाची बारीक नळी येते, आणि दोन बोटांच्या जोरावर काम होतं.

केबल काढायला मन घेईना. संपात गिरणी गेल्यावर तुम्ही गॅरेजात लागलात, आणि तिथे कुणीतरी टाकून दिलेली ही गाडी वर्षभर जुळवत बसलात. अजून डोळ्यांसमोर आहे, दर महिन्याला तुम्ही केबल सोडवून चाळीच्या कठड्याला टांगता, वरच्या टोकाला कागदाचा कोन बांधून त्यात तेल ओतता, आणि ते आतून झिरपत उतरेपर्यंत स्टुलावर बसून राहता. खालच्या मजल्यावरच्या काकी ओरडतात, "ओ भावोजी, माझ्या बोंबलांवर तेल गळता हा. फोडणीक तेल आसा माझ्या घरात." तुम्ही वाकून सांगता, "वयनी, आता तुमचे बोंबील गंजाचे नाय." मग तार बोटांतून ओढता. तिचा एखादा धागा तुटलेला असेल तर तो तुम्हाला न बघता लागतो, साच्यावर सूत लागायचं तसा.

गेल्या आठवड्यात गाडी काळाचौकीच्या मेकॅनिककडे दिली. केबलचं खालचं टोक इंजिनाजवळ ज्या आर्मला अडकतं, तो त्याने सोडवला आणि मला हाक मारली. "ताई, हे कोणी केलं? आर्म कापून मध्ये इंचभर पट्टी वेल्ड केलीय."

"कशाला?"

"क्लच हलका व्हायला. आर्म लांब झाला की जोर कमी लागतो. पण मग क्लच पुरता सुटत नाही, गिअर खरखरतात." त्याने जोडावरून अंगठा फिरवला. "काम मात्र साफ आहे. हात दुखत असणार त्याचा."

गाडी तुमच्या हातात होती त्यातली शेवटची दोन वर्षं गिअर खरखरायचे. "गाडीचं वय झालं," तुम्ही म्हणायचात. मग एका दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर तुम्ही चावी माझ्या हातात दिलीत, आणि मी ते बक्षीस समजले. इतकी वर्षं मी तुम्ही हलकी करून ठेवलेली गाडी चालवत होते, आणि आपला हात तयार झाला असं मानत होते. हे कळल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं. मी मेकॅनिकला एवढंच म्हटलं, "बसव नवा क्लच."

तो आर्म पिशवीत घालून घरी आणला आहे. आईला दाखवलेला नाही. बोटांबद्दलही घरात कुणाला सांगितलेलं नाही. मुलगा समजतो, गाडी सर्व्हिसिंगला गेली आहे. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून त्यात लिहिते आहे. तुम्ही असतात तरी उत्तर दिलं नसतंत, नुसतं "चहा टाक" म्हणाला असतात, ते मला ठाऊक आहे. तरी एकदा सांगा बाबा, तुमचा हात कधीपासून दुखत होता.