टेंभी नाक्यावरची पाटी

ठाणे, २० डिसेंबर २०२४

ती. मेघनाताई,

सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर आपण दोघं नुसते ओरडतो, म्हणून लिहितोय. तुझी पाटी अजून माझ्या दुकानाच्या दारात आहे: 'इथून गणपतीनंतर घेतलेल्या गॅस शेगडीच्या रबरी नळ्या लवकर तडकू शकतात. परत आणा, बदलून देऊ.' अगं, एकाचीही तक्रार नव्हती! तुझ्याच कारखान्याचा माल, तूच वाकवून बघितलास, तूच बोंब मारलीस. आता लोक नळी बदलून नेतात आणि कुकर शेजारच्या दुकानातून घेतात. सचोटीवर भाषणं तू देणार, टाळ्या तुला. गिऱ्हाईक जातं माझं.

तुझी भावजय प्रीती म्हणते, नव्या वर्षात ही पाटी नको. मी एकतीसच्या आत काढतोय. आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतं, आपण बहीणभाऊ फार गुणी आहोत.

लोभ सध्या जरा पातळ झालाय, तो घट्ट व्हावा.

तुझा,
सुमित

मानपाडा, डोंबिवली, २४ डिसेंबर

प्रिय सुमित,

सप्रेम जय भीम.

वर्ष संपतंय, तेव्हा आधी आभार. दिवा गावातून नळी परत द्यायला आलेल्या आणि तुझ्यासमोर माझा उद्धार करून गेलेल्या त्या बाईचे. नव्या नळ्या बनवायला रविवारी आलेल्या आमच्या कामगारांचे. आणि उद्योजक मंडळाचेसुद्धा! त्यांनी माझं जानेवारीचं भाषण रद्द केलं. म्हणे, अशा पाट्या लागल्या तर लोक सगळ्यांच्याच मालावर शंका घेतील. घेऊ देत की. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माफी मागणार नाही.

तुझं नुकसान होतंय, हे मला कळतं. मला त्याचं दुःख आहे. पण निम्म्या नळ्या अजून लोकांच्या घरात आहेत. त्यातली कुठली गळेल, सांगता येतं तुला? मला नाही येत.

दुकान तुझं आहे, पाटी खुशाल काढ. एक तारखेला मी दुसरी हातात धरून समोरच्या फुटपाथवर उभी राहीन. तू हाकललंस तरी हलणार नाही. आईला सगळं सांगितलंय. तीही येते म्हणाली.

रागाव, पण जेवण सोडू नकोस.

तुझी,
ताई

ठाणे, ३० डिसेंबर

ती. ताई,

सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझ्या धमकीला मी घाबरलो नाही, हे आधी लिहून ठेवतो. काल पाटी काढायला स्टुलावर चढलोसुद्धा. प्रीती स्टूल धरून उभी होती. तिने खालून विचारलं की आपल्या घरातली नळी कधीची आहे.

गणपतीनंतरचीच होती. तसाच उतरलो, घरी गेलो आणि बदलली. तडकलेली नव्हती, तरी बदलली. मग परत येऊन स्टुलावर चढलो. प्रीतीने काही स्टूल धरलं नाही. मीही पाटीला हात लावू शकलो नाही. आपली नळी बदलून घ्यायची आणि दुसऱ्यांना कळू द्यायचं नाही, एवढा निगरगट्ट मी अजून झालेलो नाही.

शेजारचा हसतोय. हसू दे साल्याला.

तुझ्यावरचा राग कायम आहे. लोभही तसाच ठेव.

तुझा,
सुमित