एकट्याने न वळणारी गाडी

मी, जेसी इलेनॉर ड्रमंड, कै. आर्चिबाल्ड ड्रमंड यांची पत्नी, वय शहात्तर, धंदा मेंढ्यांचा, राहणार टॅसी हिल, ओवाका गावाच्या वरच्या खोऱ्यात, न्यूझीलंड, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. खुबा नवा बसवलेला आहे, कान निम्मे गेलेत, पण डोके माझेच आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहिलेले नाही. लाडीगोडी करणारे होते, त्यांचा उल्लेख पुढे यथास्थान येईल. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात मी सगळे काही माझा एकुलता एक मुलगा स्ट्रुअन याच्या नावे केले होते, ते आजपासून रद्द समजावे.

१. व्यवस्थापक म्हणून बॅलक्लूथाचे वकील ह्यूगो टेनंट यांना नेमते. त्यांनी हे सर्वांसमोर मोठ्याने वाचावे आणि माझे शेरे गाळू नयेत. ते म्हणाले, "जेसीबाई, एवढे शेरे कायद्यात बसत नाहीत हो." मी म्हटले, "मग उभ्याने वाचा."

२. बँकेत जे असेल त्यातून माझे दहन आणि त्यानंतरचा चहा व्हावा. चीज रोल घरी गुंडाळलेले, वरून लोणी लावून भाजलेले असावेत, दुकानातले आणाल तर खबरदार. उरेल ते ओवाकाच्या आगविझव्या पथकाला द्यावे.

३. माझ्या जंगम मालमत्तेत जपण्यासारख्या वस्तू म्हणजे शेडमधल्या तीन गाड्या. पुढे एक चाक, मागे दोन, फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल. असल्या गाड्या आता कोणी बनवत नाही. तिन्ही चालू आहेत. कोणाला काय द्यायचे ते कळण्यासाठी आधी त्यांच्यातला फरक सांगावा लागेल.

पहिली नव्वदची, म्हणजे नव्वद सीसी इंजिनाची. लग्नानंतर काही वर्षांनी आर्चीने घोडा विकून ती आणली तेव्हा सासूबाई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिला स्प्रिंग नाही, काही नाही, जो काय मऊपणा तो टायरांतल्या हवेचा. दोरी ओढून सुरू करायची. डोंगराचा प्रत्येक दगड मणक्याला कळायचा. वळताना बाहेरच्या पायावर भार द्यायचा आणि अंग आत झुकवायचे, नाहीतर ती सरळ दरीकडे निघायची. कुत्रे पुढे, आपल्या दोन हातांच्या मध्ये, टाकीवर बसायचे. त्याचे कान आपल्या हनुवटीला लागायचे.

दुसरी दोनशेची. हिला पुढे शॉकअब्सॉर्बर आले आणि मागे कॅरियर आले. अंग दुखायचे कमी झाले, कोकरू, तार, खुंट सगळे एका फेरीत वर जाऊ लागले. कुत्रेही कॅरियरवर गेले, म्हणजे आपल्या पाठीमागे. मला ते तेव्हाही आवडले नव्हते.

तिसरी अडीचशेची. बटण दाबले की सुरू, आणि तिला मागचा गिअर आहे. पहिल्या दोघींना तो नाही. डोंगरमाथ्याखाली कड्यात खोदलेली एक अरुंद वाट आहे. तिच्या टोकावरून दुर्बिणीने पलीकडच्या सोंडेवरच्या चुकार मेंढ्या शोधायच्या. वाट तिथेच संपते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. नव्वदची किंवा दोनशेची तिथे नेली की परतताना एकाने हँडल धरायचे, दुसऱ्याने मागून उचलायचे, आणि गाडी हातांनी फिरवायची. एकट्याने ती वळत नाही. म्हणून तिथे आम्ही कधी एकटे गेलो नाही. आधी आर्ची आणि मी. आर्ची गेल्यावर मी आणि शेजारचा मर्डो गॉल्ट. अडीचशेची आली आणि कोणाला कोणाची गरज राहिली नाही. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण तीन गाड्यांत सर्वांत शहाणी कोणती, असे मला विचाराल तर मी नव्वदच्याच गाडीकडे बोट दाखवीन.

तिन्हींना नियम एकच. घसरलात, कलंडलात, काहीही झाले तरी पाय खाली टाकायचा नाही. टाकला की मागचे चाक आपल्याच पायावर चढते. स्ट्रुअनने नऊ वर्षांचा असताना टाकला. नडगी मोडली. मी त्याला मांडीवर आडवा घेऊन नव्वदची खाली आणली, आणि तो सबंध वाटभर माझ्या कोटाची गुंडी धरून होता.

४. आता हे मृत्युपत्र का बदलले ते.

या फेब्रुवारीत खुब्यासाठी मी डुनेडिनच्या इस्पितळात होते. स्ट्रुअन दर रविवारी जर्दाळू घेऊन यायचा. मी विचारायची, "मेंढ्या कशा आहेत?" तो म्हणायचा, "मजेत आहेत गं आई. तू डोंगराचा विचारच सोड आता." मला वाटायचे, पोरगा काळजी करतो.

एप्रिलमध्ये घरी आले. दुसऱ्याच दिवशी मर्डो आपल्या चार चाकांच्या बाइकवरून टपाल घेऊन आला. मी त्याला चहा विचारते आहे, तोच माझी कुत्री नेल अंगणातून धावत आली आणि उडी मारून त्याच्या कॅरियरवर बसली. शीळ नाही, हाक नाही. मेंढ्यांचे कुत्रे परक्याच्या गाडीवर असे चढत नाही. त्या गाडीमागून रोज काम केले असेल तरच चढते.

"मर्डो, माझी कुत्री तुझ्या गाडीवर केव्हापासून बसायला लागली?"

"अगं जेस, बिस्किट दिलं असेल मी कधीतरी."

"बिस्किटासाठी ती हात चाटते. गाडीवर बसत नाही. चल, नेल नेईल तिकडे जाऊ."

"अगं, तुझा खुबा..."

"खुबा माझा आहे. चल म्हणते ना."

मी अडीचशेची काढली. मर्डो आपल्या गाडीवर नेलला घेऊन पुढे, मी मागे. कड्यातल्या वाटेच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे आम्ही कधीही थांबत नाही. तिथे नेलने खाली उडी टाकली आणि शहाण्यासारखी वाट पाहत बसली. मी खाली पाहिले. सबंध उतारावर, नजर जाईल तिथवर, खुंट्या मारलेल्या होत्या. प्रत्येक खुंटीला गुलाबी फीत. पाइनची झाडे लावून कार्बनचे, म्हणजे हवेचेच, पैसे घेणाऱ्या कंपनीची ही खूण साऱ्या खोऱ्याला पाठ आहे. पलीकडचे तीन डोंगर असेच गेले.

मर्डो आपल्या बुटांकडे बघत होता. "मोजणीवाल्यांना मोकळा डोंगर हवा होता गं. मी नुसत्या मेंढ्या बाजूला काढून दिल्या. स्ट्रुअन म्हणाला, तुला सगळं माहीत आहे."

"मग तू इस्पितळात मला भेटायला आलास तेव्हा बोलला का नाहीस?"

त्याने वाकून नेलचे कान चोळले.

"आणखी काय म्हणाला स्ट्रुअन?"

"जेस, कशाला विचारतेस?"

"विचारते आहे."

"त्यांना म्हणाला, आई काही आता फार दिवस काढत नाही. तोवर खुंट्या मारून ठेवा."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी... मी वाट दाखवत होतो."

संध्याकाळी स्ट्रुअन आला. तो खोटे बोलला नाही, एवढे त्याच्या बाजूने लिहिते. म्हणाला, "आई, लोकरीत काय राहिलंय आता? कातरणाऱ्याची मजुरी सुटत नाही. झाडं आपली उभी राहतात, त्यांना रात्री उठून बाळंत करावं लागत नाही. मी पन्नाशीचा झालो, माझीही कंबर गेली." यातले काही खोटे नाही. हेच त्याने माझ्या तोंडावर सांगितले असते तर मी कडाडून भांडले असते, आणि कदाचित हरलेही असते. पण तो जर्दाळू सोलून भरवत होता आणि माझ्या मरणाची वाट बघत होता. मला पाइनचे दुःख नाही. मला त्या जर्दाळूंचे दुःख आहे.

५. मर्डो गॉल्ट याला दोनशेची गाडी देते. अठ्ठावीस वर्षे आम्ही दोघांनी ती कड्यावर मिळून फिरवली. तो हँडल धरायचा, मी मागून उचलायची. आता त्याने उचलायला दुसरे कोणी शोधावे.

६. टॅसी हिलचा डोंगर, घर, मेंढ्या आणि अडीचशेची गाडी मी हाना वाइतिरी हिला देते. गेली सहा वर्षे ती माझ्याकडे मेंढ्या सांभाळते. मी इस्पितळात गेले तेव्हा ती कातरणीच्या टोळीबरोबर उत्तरेला होती, म्हणून त्या दोघांचे फावले. खुंट्यांचे कळल्यावर तिने मला न विचारता एकेक उपटली आणि शेकोटीसाठी माझ्या दाराशी रचली. डोंगर देते आहे म्हटल्यावर म्हणाली, "मावशी, मला नको. स्ट्रुअनदादा मला शिव्या घालेल." मी म्हटले, "घालू दे, निदान तोंडावर घालेल." अट काही नाही. उद्या तिलाही पाइन लावावेसे वाटले तर लावावेत. माझ्याशी ती उघड बोलली, एवढे मला पुरे.

७. नेल हिला मी कोणाला देत नाही. ती हवे त्याच्या गाडीवर बसेल. तिच्यावर माझा राग नाही, तिने काही लपवले नव्हते.

८. माझा मुलगा स्ट्रुअन याला नव्वदची गाडी देते. तिच्यावरच तो शिकला. तिच्याबरोबर एक काम देते. माझी राख त्याने त्याच गाडीवर, टाकीवर पुढे दोन हातांच्या मध्ये ठेवून, कड्यातल्या वाटेच्या टोकाला न्यावी. जाताना बरोबर कोणी नसावे. आर्ची तिथेच आहे. राख उधळून झाली की गाडी वळवायची वेळ येईल, आणि ती एकट्याने वळणार नाही. मागे रेटत आणायचा प्रयत्न त्याने करू नये, दरी खोल आहे. खालच्या उतारावर हाना मेंढ्या वळत असेल. तिला मी सांगून ठेवले आहे. तो हाक मारील तर ती येईल आणि मागून उचलेल. आपणहून येणार नाही. हाक त्याने मारायची आहे.

येणेप्रमाणे वाचून, समजून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सही केली.

जेसी इलेनॉर ड्रमंड
टॅसी हिल, ओवाका. १२ जुलै २०१९. बाहेर दहिवर पडले आहे.

साक्षीदार: बेरिल अँस्टिस, टपालवाली. कीस रोझेन, जनावरांचे डॉक्टर.

साक्षीदारांची नोंद: सही झाल्यावर बाईंनी कागद परत मागून घेतला आणि आठव्या कलमाखाली स्वतःच्या हाताने चार शब्द वाढवले. ते आमच्यासमोर लिहिले आणि त्यापुढे पुन्हा सही केली. ते शब्द असे: "पाय खाली टाकू नकोस."