राखणेचा कोंबडा

४ नोव्हें., मंगळ. खैरान, कुवेत
सकाळी खुराड्यात पिसंच पिसं. दोन कोंबड्या गेल्या. कडी जशीच्या तशी, जाळी शाबूत. बोके पिल्लं उचलतात ते माहीत होतं, पण हे बोक्याचं काम नाही.
दुपारी कळलं. खालून! मागे वाळू उकरून सरळ आत. शिरा पडो माझ्या अकलेवर. आमच्या कुडाळात खाली जांभा, खुराडं नुसतं टेकवलं की झालं, खालून यायची कोणाची टाप आहे? त्याच हिशेबाने इथे वाळूवर टेकवून मोकळा झालो. सुतार म्हणे!

५ नोव्हें.
शेजारच्या बंगल्याचा रखवालदार रफीक पावलं बघून गेला. "लोमड़ी है भाई. ज़हर डालो, खलास."
विष नको. जाळी वीतभर खोल पुरली, बाहेरच्या अंगाला हातभर पसरली, वर वाळू ओढली. आता उकर म्हणावं. कंबर गेली.
कोंबड्या मालकाच्या आईच्या. सगळे यम्मा म्हणतात. मालकाची माणसं दर गुरुवारी सुट्टीला या बंगल्यावर येतात; यम्मा येते ती अंडी स्वतःच्या हाताने उचलायलाच. मालकाने मागेच बजावलंय, कोंबड्या संपल्या की तुझं इथलं काम संपलं, परत कंपनीच्या कॅम्पवर. तिथे खाटेवर खाट. इथे माझी एकट्याची खोली आहे, खिडकी आहे. नाही जायचं मला.
रात्री सुहासिनीचा फोन. "राखण दिल्यात काय?" अगो, कुवेतात कसली राखण? "जागा आसा मा? मगे जागेवालो पण आसतलोच." बायकोपुढे कोण बोलणार! घरी दर वर्षी जागेच्या राखणदार देवाला कोंबडा देतो, तो वर्षभर राखतो. पण इथला कोंबडा यम्माचा. दुसऱ्याच्या कोंबड्याने आपली राखण? पटत नाही.

७ नोव्हें., शुक्र
काल यम्माला खरं सांगून टाकलं. "थालब." कोल्हा. मालक माझ्यावरच भडकला. यम्मा मात्र खुराड्याजवळ खुर्ची टाकून शांत. म्हणाली, "मिस्कीन." बिचारा म्हणे! कोल्हा! आज जाताना उरलेला भात कुंपणाबाहेर ठेवून गेली. काय करावं या बाईला.

११ नोव्हें.
सकाळी कोंबड्या सोडल्या आणि नळावर बादली भरत होतो. मागे फडफड. बघतो तर कोंबड्याची मान धरून तो उभा. काटकुळा, कान एवढे मोठे. माझ्याकडे बघितलं, घाई काही नाही. मग गेला.
यम्माचा लाडका होता तो कोंबडा.
सुहासिनी मात्र खूश. "घेतल्यान बघा तेणा! आता राखतलो." हसू की रडू.

१३ नोव्हें., गुरु
खुराड्याभोवती ताजी पावलं. पूर्ण फेरी मारलेली, उकरलेलं कुठेच नाही. बोक्याची पावलंही आहेत, पण कुंपणापासून मागे फिरलेली. कोंबडा गेल्यापासून एकही पिल्लू कमी झालेलं नाही. माझ्या जाळीमुळे, दुसरं काय. पण बोके तर वरून यायचे...
ड्रायव्हर पाकीट देऊन गेला. मालकाचा निरोप, यम्मा पोचायच्या आत भातातून टाक.
पाकीट हत्यारांच्या पेटीत ठेवलंय, रंध्याखाली. राखण घेतलेल्याला विष घालायचं? आणि नाही घातलं तर कॅम्प. सुहासिनीला विचारलंच नाही. ती काय म्हणणार ते माहीत आहे.

१४ नोव्हें., शुक्र
काल मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, टाकलंस? तोंडातून "ऐवा" निघून गेलं. हो. भीती वाटली, इथे वहीत तरी खोटं कशाला लिहू.
यम्मा ऐकत होती. कोंबड्याचं काही विचारलं नाही. मला मान वर करवेना. मग संध्याकाळी भाताची ताटली माझ्याच हातात दिली, कुंपणाबाहेर ठेव म्हणून खूण केली. ठेवली. भातच होता, नुसता.
आत्ता उजाडलंय. खिडकीतून दिसतंय, ताटली चाटून लख्ख. शेजारी तो बसलाय, कोवळ्या उन्हात, खुराड्याकडे तोंड करून. जा की बाबा! हाकलायला जाऊ तर दार वाजेल, सगळे उठतील.
वर मालकाच्या खोलीचा पडदा सरकला.