अंगठा एक, करंगळी पाच

४ नोव्हें., मं.
दिवाळीनंतरचा पहिला क्लास. तीन पोरं, तिन्ही सुट्टीत सगळं विसरून आलेली. म्हणून पांघरुणाचा खेळ. पियानोच्या झाकणावर हात, वर माझा मोठा रुमाल. मी ओरडायचं, "तीन उठला!" की मधल्या बोटाने रुमालाला खालून ढुशी. पियानोत अंगठा एक, करंगळी पाच. नवीन पोरगी आर्वी, सहा वर्षांची, समोरच्या टॉवरमधली, खी खी हसत होती. एकदाही चुकली नाही. झकास पोर आहे.
घरी सरावाला कागद दिले. नुसते आकडे, १ ३ ५ ३ १. हाताचं चित्र काढायचा कंटाळा केला.

११, मं.
आर्वीची पार वाट लागलीय. "एक" म्हटलं की करंगळी, "पाच" म्हटलं की अंगठा. तीन तेवढा बरोबर, तो मधे आहे म्हणून. आठवड्यात काय झालं हिला? डोकं ठणकत होतं, भडकले. "अगं, किती वेळा सांगू? अंगठा एक!" सगळ्यांसमोर. रडली नाही. स्वतःच्या करंगळीकडे बघत बसली.

१३, गु.
आज गंमतच. "एक" म्हटलं की रुमालाखाली आधी अंगठा हलतो, लगेच दबतो, मग करंगळी वर. म्हणजे येतंय की तिला! मग मुद्दाम

(कुकर. नंतर लिहीन.)

१८, मं.
आर्वी रुमालाखालून हात काढेना. मीच रुमाल उचलला. उजव्या अंगठ्याचं पेर सुजलेलं, काळंनिळं. "दारात सापडला." बाकीची दोघं गेल्यावर परत विचारलं. मग बोलली, शाळेतलं काही सांगावं तशी.
"बाबा म्हणतात एक म्हणजे करंगळी. सगळे तिथूनच मोजतात. मी अंगठा केला की पट्टी. आणि करंगळी केली की टीचर, तुम्ही ओरडता."
देवा रे.
करंगळीपासूनच मोजतात की. माझी आई तशीच मोजायची, मी अजून कुकरच्या शिट्ट्या तशाच मोजते. त्या माणसाच्या हातात माझा कागद, चित्र नाही, काही नाही. पोर बरोबर होती. बरोबर होती म्हणून मार खाल्ला, आणि मी वर ओरडले. लाज वाटते स्वतःची.

२०, गु.
बाप घ्यायला आला. कडक इस्त्री, मॅडम मॅडम. हाताचं चित्र काढून दाखवलं.
"अच्छा, अंगठ्यापासून? सॉरी हां, माझी मिस्टेक. आता बरोबर सराव घेतो."
म्हटलं, बोटाचं सोडा, पट्टीचं बोला. हसला. "आम्ही पण मार खाऊनच शिकलो ना मॅडम. शिस्त नको?" आर्वी शेजारी उभी, बुटांकडे बघत. थोबाडीत द्यावीशी वाटली त्याच्या. "पुन्हा हात लावू नका तिला," एवढंच म्हणाले.
नवऱ्याला सांगितलं. सतीश म्हणतो, "दुसऱ्याच्या घरात पडू नकोस. क्लास बंद करेल तो, मग तुला पोरगी दिसणार पण नाही." खरं बोलतो, म्हणूनच चीड येते.

२५, मं.
आर्वी आली. एक, पाच, दोन, चार, सगळं पटापट बरोबर. हसणं नाही. वाटलं, चला, निदान आकड्यांचा घोळ तरी मिटला. मग म्हटलं, "आर्वी, तीन!"
रुमाल हलेना. परत म्हटलं. नाहीच.
रुमाल उचलला. मधलं बोट. सुजून वांग्यासारखं.
तीन तर कुठूनही मोजा, तीनच येतो. त्यात चुकायला जागाच नाही.
"काय चुकलं गं?"
"काही नाही चुकलं. हळू वाजवलं."
म्हणजे माझ्या कागदाचा दोष नव्हताच. किंवा तेवढाच नव्हता. कागद नसता तर दुसरं काहीतरी सापडलं असतं त्याला. याने बरं वाटायला हवं होतं, नाही वाटलं.
"बाबांना सांगू नका हं टीचर," जाताना म्हणाली. मी हो म्हणून मान हलवली. कशाला हलवली?
मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर शेजारणीच्या मुलीकडून घेतलाय, तिच्या शाळेत भिंतीवर आहे. चारच आकडे. सतीश दूध आणायला गेलाय, दहा मिनिटांत येईल. फोन केला तर आर्वी परवा येणार नाही, कदाचित कधीच नाही. नाही केला तर येईल, आणि मी रुमाल उचलून बघणार.
पहिला आकडा एक. अंगठा त्यावर ठेवलाय.