कोपरं टेकायला जागा

आप्पा, तुम्हाला जाऊन पन्नासएक वर्षं झाली आणि आज सकाळपासून मी तुमच्यावर चिडून राहिलेय. हे कागद घेऊन बसले, तरी चारदा उठून दारापर्यंत जाऊन आले. परवा लातूरच्या दवाखान्यात एका पोरीनं मला श्वास घ्यायला शिकवलं. चुलीच्या धुरानं माझी छाती गेली. न्हाणीपासून ओसरीपर्यंत यायला दोनदा थांबावं लागतं. पोरगी म्हणाली, "आजी, हवा आत जात नाही असं नाही, आतली बाहेर निघत नाही. पुढं झुका, कोपरं टेबलावर टेका, खांदे सैल सोडा. आता समोर दिवा आहे असं समजा, ओठांचा चंबू करून हळू फुंकर घाला, ज्योत हलली पाहिजे पण विझायला नको." मी घातली. चार-पाच फुंकरींत छाती मोकळी झाली आणि मला रडू कोसळलं. बिचारी घाबरलीच. तिला काय सांगू, की माझ्या बापाला हे कुणी न शिकवताच येत होतं!

नांदेडात तुम्ही सरकी काढायच्या कारखान्यात मुकादम. घरी यायचात ते मिशीवर कापसाची धूळ घेऊनच. आलात की चौरंग पुढ्यात ओढायचा, त्यावर कोपरं टेकायची, ओंजळीत कपाळ, आणि ओठांतून लांब फुंकर. हकीमसाहेबांनी धोत्र्याच्या पानांचा धूर घ्यायला सांगितला होता, तोही घ्यायचात, पण तुमचा खरा इलाज चौरंगच. नेमकं तेच घरात कुणाला खपायचं नाही. भरल्या घरात कपाळाला हात लावून बसणं म्हणजे अवलक्षण. माय दिवसातनं दहादा विचारायची, कोण मेलंय म्हणून असं बसता? अंगात दम असला तर तुम्ही हसायचा. मला मात्र लाज वाटायची. दारात मैत्रीण दिसली की मी तुम्हाला सरळ बसवायची, आणि तुम्ही बसायचात.

मग जळकोटची माणसं मुलाला घेऊन मला बघायला आली. निजामाच्या मोगलाईचे शेवटचे दिवस, शहरात रोज नवी अफवा, त्यामुळं लेकीचं जमवून टाकायची मायला घाई. मलाही होती. सकाळीच मी तुम्हाला म्हणाले, आप्पा, आज तसं बसू नका. तुम्ही शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावत होता. म्हणालात, "न्हाई बसत, बाई. किती वेळ लागंल?" तासभर, मी म्हणाले. "काढतो तासभर." मला बसायला पाट होता, पण तो तडकलेला, म्हणून चौरंग बैठकीच्या मधोमध गेला आणि त्यावर मी. तुम्ही समोर लोडाला पाठ लावून ताठ. त्यांनी काही विचारलं की तुम्ही मान हलवताय, फार तर एक "जी". गळ्याची शीर तटतटलेली मला दिसतेय. माझे सासरे पुढं कित्येक वर्षं कौतुकानं सांगायचे, मुलीचा बाप लई भारदस्त, उगं बोलत न्हाई.

पाहुणे गेले आणि तुम्ही भिंतीला धरून खाली बसलात. ओठ जांभळे पडले होते. त्या दिवसानंतर घरात कुणासमोर तुम्ही चौरंग ओढला नाही. मागं गोठ्यात जाऊन गव्हाणीवर कोपरं टेकायचात, थंडीतसुद्धा. संक्रांत तुम्ही पाहिली नाहीत. लग्न तुमच्यामागं उरकलं.

म्हणून चिडले होते. एकदा तरी ओरडायचं होतंत माझ्यावर, दे म्हणायचं होतंत. बापानं इतकं मुकाट असू नये. हे लिहून झालं की फाडून टाकीन, कारण त्या दिवशी तुमच्या पुढ्यातनं चौरंग मायनं उचलला असंच मी लेकीला आजवर सांगत आले, आणि आता या वयात तिच्यापुढं खोटी पडायची माझी हिंमत नाही. चौरंग मी उचलला होता. आणि तुम्ही मागितला नाही, हेही खरं नाही. त्या तासात एकदा तुम्ही बघितलंत. माझ्या तोंडाकडे नव्हे, माझ्याखालच्या चौरंगाकडे. मला त्याच क्षणी कळलं. नुसतं उठून तुमच्या पुढ्यात सरकवायचा होता. पण मुलगा मला आवडला होता, आप्पा. मी पदर सावरला आणि बसून राहिले.