चिचघाटच्या पायऱ्या

मु. चिचघाट, जि. चंद्रपूर
ता. ५ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. उमाजीदादास,
देवकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुले नवल वाटंल. वर्ष झालं, मीही लिहिलं नाई, तूही नाई. फोनचा काही उपयोग नाई. तुले आयकू येत नाई आणि तुझा पोरगा मिथुन उचलत नाई. काम पडलं म्हणून लिहून राह्यली.

बाविसच्या पुरात आमच्या घाटाच्या पायऱ्या वाहून गेल्या, तवापासून बाया दरडीवरून बसत-बसत पाण्याले उतरतात. मागच्या महिन्यात मीराबाईचा पाय मोडला. मग ग्रामसभेनं पायऱ्या पुन्हा बांधायचा ठराव घेतला. पण सातबाऱ्यावर ती जागा झुडपी जंगल निघाली. तिथी बेशरमाशिवाय काही उगवत नाई, पण कागदावर जंगल, म्हणून परवानगी जंगलवाल्याईची पाहिजे. आमचा ग्रामसेवक अश्वजित सांगते का नवीन बांधकाम म्हटलं तर कागद कुठल्या कुठी जाते, वर्षानुवर्षं येत नाई. जुन्याच पायऱ्या दुरुस्त करतो म्हटलं तर लवकर होते. मात्र जुन्या पायऱ्या होत्या, हे दाखवा लागते. कोणापाशी एक फोटो नाई. घाटाचा फोटो कोण काढून ठेवते?

तीस वर्षं तू सोनटोल्याहून माणसं भरून डोंगा नदीपार आणून त्याच पायऱ्याले लावला. तुझं बयान पाहिजे. प्रश्नाचा कागद सोबत आहे.

त्याईच्या मयतीले तू आला नाई, ते मी काढत नाई. हे गावाचं काम आहे.

लोभ कमी झाला असंल, तरी जेवढा उरला तेवढा राहू द्यावा, ही वि.

तुझी बहीण
देवका

०

मु. सोनटोला, जि. गडचिरोली
ता. १९ फेब्रुवारी २०२४

चि. देवका हिस,
उमाजीचे अ. उ. आशीर्वाद.

चि.च्या पुढं सौ. लिहाले हात गेला आणि तसाच थांबला. माफ कर.

तुझं अक्षर अजून तसंच आहे. ओळ चढत-चढत कागदाच्या बाहेर जाते. याच कारणानं मास्तर तुले छड्या मारत आणि घरी येऊन तू माझं नाव सांगत होती.

बयान लिहून अश्वजितच्या नावानं वेगळ्या पाकिटात पाठवलं आहे. तू वाचू नको, सरकारी कागद आहे. पायऱ्या मले पाठ आहेत. दुष्काळाच्या कामावर बाबानं त्या पायऱ्याचे दगड वाहिले, मी लहान होतो, आंबिलीचं मडकं घेऊन जात होतो. सगळ्यात खालच्या पायरीत लोखंडाची कडी बसवली आहे, डोंगा बांधाले. ती बयानात लिहिली आहे.

माझं बरं आहे. तुझी भाभी गेल्यापासून सकाळचं शिजवतो, तेच दोन्ही टायमाले खातो. लोकाईनं माझ्याशी बोलणं सोडून दिलं. त्याईचाही दोष नाई, एकच गोष्ट चारदा कोण सांगंल? दुकानदार बोटं दाखवते, मी पैसे ठेवतो. पण खरं सांगू का, माणसाईच्या आवाजापेक्षा पाण्याचा आवाज गेला त्याचं जास्त वाटते. डोंग्यात बसलो का असं वाटते, नदी खाली आहेच नाई.

मिथुन मोहर्लीले जंगल दाखवणारी जिप्सी चालवते. पोळ्याले येऊन गेला.

या घरी पत्र येण्याची वाट पाहणारा एकच जण आहे, हे ध्यानात ठेवून लिहीत जा.

तुझा
उमाजी

०

चिचघाट
ता. २० मार्च २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं बयान वाचू नको म्हणून तू लिहिलं होतं. मी नाई वाचलं. अश्वजितनं भर ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं, कारण तसा नियमच आहे.

पायऱ्या किती होत्या, कोण्या बाजूले वळत होत्या, कडी कुठी होती, हे सगळं झालं. मग प्रश्न आला का या घाटाले शेवटचा डोंगा केव्हा लावला. तू लिहिलं होतं का सतरा जानेवारी तेवीसले, मेहुणे झिंगुजी याईच्या मयतीसाठी आलो. पायऱ्या नव्हत्या. दोनदा दरड चढून पाहिली, दोन्ही बारीले घसरून पाण्यात पडलो. खालून आवाज दिला. कोणी ओ दिली असंल तर मले आयकू येत नाई. सरणाचा धूर दिसे तोपर्यंत डोंग्यातच बसलो, मग परत गेलो.

अश्वजित इथी थांबला. त्यानं पाणी मागितलं. सभेतलं कोणी माझ्याकडे पाहून नाई राह्यलं. मी पदर तोंडाशी धरून बसली.

मले मालूम नव्हतं दादा. वर्षभर मी गावाले सांगत फिरली का भाऊ असून आला नाई.

आता पाणी उतरलं का कडी खोदून पाहतो म्हणते अश्वजित. कडी सापडली तर जुन्या पायऱ्या होत्या हे शाबीत होते.

दोन्ही टायमाले एकच खाऊ नको. सायंकाळी निदान भात तरी टाकत जा. माया पातळ होऊ देऊ नये, ही हात जोडून वि.

देवका

०

मु. मोहर्ली
ता. ११ ऑगस्ट २०२४

चि. देवकास अ. उ. आ.

पत्ता पाहून समजली असशील. जूनमध्ये मिथुन गाडी घेऊन आला आणि मले घेऊन गेला. अंगणात पडलो होतो, शेजाऱ्यानं त्याले फोन केला. डोंगा गावातल्या कोलूले देऊन टाकला. तो त्यात मासे धरंल, माणसं नेणार नाई.

सभेत वाचतात हे मालूम असतं तर मी ते लिहिलंच नसतं. मले वाटलं सरकारी कागद कपाटात जाते.

इथी मिथुन चांगला वागते. पण पावसाळ्यात जंगलाचं गेट बंद असते, तो दिवसभर घरी राहते आणि मोबाइल पाहते. मी त्याच्या तोंडाकडे पाहतो, तो मोबाइलकडे. उन्हाळ्यात लोक कुठून-कुठून वाघ पाहाले येतात म्हणे. मी धरणाच्या पाण्यापाशी जाऊन बसतो. पाणी खूप आहे, पण ते कुठी जात नाई. अशा पाण्यासंगं मन लागत नाई.

कडीचं काय झालं ते लिही. मोठ्या अक्षरात लिही, चष्म्याची एक काच फुटली आहे.

आठवण आली का दोन ओळी टाकत जावं, एवढंच मागणं.

उमाजी

०

चिचघाट
ता. २६ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मोठ्या अक्षरात लिहून राह्यली.

कडी सापडली. मे महिन्यातच सापडली होती, पण परवानगी हातात आल्यावरच लिहीन असं मी ठरवलं होतं. तू सांगितली तिथीच होती, कमरेइतक्या गाळाखाली. जंगलवाले साहेब आले, टेप लावला, पंचनामा केला. मग सात महिने कागद इकडून तिकडे. अश्वजितनं तालुक्याले किती चकरा मारल्या त्याले ठाऊक. मागच्या हप्त्यात परवानगी आली. जुन्या पायाच्या बाहेर वीतभरही जायचं नाई, एकही झाड तोडायचं नाई, या अटीवर. झाड तर नाईच आहे.

काम मार्चपर्यंत होते म्हणतात. झालं का तू ये. डोंगा नाई तर बसनं ये. याईचं दुखणं होतं तवा तुझं यायचं राहून गेलं, आता तरी ये.

पाय घराकडे वळू दे, बाकी काही मागत नाई.

देवका

०

चिचघाट
ता. २ मे २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं मिथुननं कळवलं. चार दिवस तू राहून गेला, घर भरलं होतं. आता पुन्हा एकच ताट मांडते.

आपण रोज सायंकाळी नव्या पायऱ्यावर बसत होतो. मी पाण्याकडे तोंड करून बोलत होती आणि तू मान हालवत होता. तुले वाटलं असंल, घरच्या-दारच्या गोष्टी सांगून राह्यली. तुले आयकू येत नाई म्हणूनच मले बोलता आलं. पण तू गेल्यावर चैन पडत नाई. जे बोलली ते लिहिते.

मयतीच्या त्या दिवशी मले डोंगा दिसला होता. त्याईले घेऊन माणसं गेली, बाया अंगणात बसल्या होत्या, मी तोंड धुवाले मागच्या आवारात गेली. तिथून नदी दिसते. डोंगा ओळखू आला, त्यात बसलेला तूही. माझ्या मनात आलं, आठ महिने हे अंथरुणावर होते, तवा हा एकदा नाई आला. आज आला तर तिथीच बसून राह्यला. बसू दे.

तू आवाज दिला, तोही मले आयकू आला. माझं नाव घेऊन दोनदा दिला. अंगणात सांगितलं असतं तर कोणीही दोर घेऊन गेलं असतं. मी नाई सांगितलं. आत येऊन बसली. मग वर्षभर तूच आला नाई म्हणत राह्यली. मले मालूम नव्हतं असं तुले लिहिलं, तेही खोटं.

पायऱ्या नव्हत्या हे खरं आहे दादा. पण दरडीवरून मी रोज पाण्याले उतरतच होती.

लोभ मागायचं तोंड मले राह्यलं का नाई, ते तूच सांग.

देवका

०

मोहर्ली
ता. १४ मे २०२५

चि. देवकास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या बारीले राग आला. पत्र चुलीत टाकाले उठलो, पण इथी चूल नाई, गॅस आहे. मग धरणाकडे जाऊन बसलो.

तुले एक सांगायचं राह्यलं. त्या दिवशी मी तुले आवाज दिला तो माझा मलेच आयकू आला नाई. त्याच्या आधी घुमल्यासारखा तरी यायचा. मले वाटलं कानासंगं गळाही गेला, तोंड उघडलं पण आवाज निघालाच नाई. तवापासून मी कोणाले हाक मारली नाई. मिथुनलेही नाई, हात लावूनच बोलावतो.

तू म्हणते, वर आवारापर्यंत आयकू आला. दोन्ही बारीले.

आज सायंकाळी मिथुन गाडी धूत होता. मी दारातून त्याले हाक मारली. त्यानं मान वर करून पाहिलं.

दिवाळीले येतो. आशीर्वाद आहेत, ते मागायचे नसतात.

उमाजी